पथ्यांच्या बेरजेत ज्येष्ठांचं ताट रिकामं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा मथळ्याखाली काढे, चूर्णं आणि कॅप्सूल यांच्या जाहिरातींची गर्दी होते. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर भागांत एकट्यादुकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना मी जेवणाचे डबे देते. माझं शिक्षण गृहविज्ञानाचं. परत आलेले डबे मी स्वतः उघडते आणि त्यांत जे दिसतं, त्यावर एकही जाहिरात बोलत नाही, म्हणून हे पत्र.

दोन घास भात आणि भाजीचा रस्सा तेवढा संपलेला असतो. मटकीची उसळ, वरण, पालेभाजी जशीच्या तशी. एका आजींना कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, साखर निघाली म्हणून फळं सोडली. युरिक ॲसिड वाढलंय म्हणून डाळी-कडधान्यं बंद. कोलेस्टेरॉल आहे म्हणून अंडं नको, आणि दुधाने गॅस होतात." त्यात एकादशी, चतुर्थी आहेच. संध्याकाळी चहात बुडवून दोन खाऱ्या खाल्ल्या की त्यांचं जेवण झालं. त्यांच्या हातातल्या पाटल्या आता कोपरापर्यंत सरकतात. पथ्यं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या डॉक्टरांनी किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलेली असतात. त्यांची बेरीज करून ताटात काय उरलं, हे मात्र कोणीच पाहत नाही.

या वयात ते पाहायलाच हवं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होतात. तारुण्यानंतर ती आक्रसत जाते आणि म्हातारपणी तिथे बहुतेक चरबीच उरते. नव्या पेशींची भरती जवळजवळ थांबते, जुन्यांवरच भागवावं लागतं. संसर्ग झाला की या पेशींना काही दिवसांत झपाट्याने वाढावं लागतं आणि त्यासाठी प्रथिनं लागतात. अँटिबॉडी ही तर स्वतःच प्रथिनं आहेत. खाण्यातून ती मिळाली नाहीत तर शरीर स्नायूंमधून काढून घेतं. पाटल्या सैल होतात त्या अशाच.

"म्हातारपणी हलकं आणि कमी खावं" हे भुकेपुरतं ठीक आहे. प्रथिनांची गरज मात्र वयाबरोबर वाढते. ज्येष्ठांनी वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच). म्हणजे ५५ किलोच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम. एका वाटी घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात. खारी-चहावर हा हिशेब जुळणं शक्य नाही.

युरिक ॲसिडच्या भीतीने डाळी बंद करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. २००४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुरुषांच्या मोठ्या पाहणीत मांस-मासळी जास्त खाणाऱ्यांना गाउटचा (युरिक ॲसिड सांध्यांत साचून होणाऱ्या संधिवाताचा) धोका जास्त आढळला. मसूर, वाटाणा, पालक अशा प्युरीन (शरीरात ज्याचं युरिक ॲसिड बनतं तो घटक) असलेल्या भाज्या-कडधान्यांमुळे तो वाढलेला दिसला नाही. तेव्हा वरणावर फुली मारण्याआधी डॉक्टरांना पुन्हा विचारावं.

भाज्या-फळांचंही तसंच. बेलफास्टच्या संशोधकांनी ६५ ते ८५ वयाच्या ८३ जणांवर एक प्रयोग केला. अर्ध्यांना १६ आठवडे रोज भाजी-फळांची किमान पाच वाढपं (सर्व्हिंग) दिली, बाकीच्यांचा आहार दोन किंवा त्याहून कमी वाढपांवरच राहिला. न्यूमोनियाच्या लशीला पहिल्या गटाने अधिक चांगला प्रतिसाद दिला. धनुर्वाताच्या लशीत फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडचं उदाहरण झारखंडचं आहे. तिथे क्षयरुग्णांच्या घरच्यांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तर त्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे प्रसिद्ध केलं. शिधा तांदूळ-डाळीचाच होता, त्यात महागडं काही नव्हतं.

आपल्या नाशिकमध्ये तर कशाचीच वाण नाही. पेठ-सुरगाण्याची नागली, शेवगा, मेथी, पेरू सगळं दारात येतं. कवळी असेल तर उसळ अगदी मऊ शिजवावी किंवा मुगाची धिरडी करावीत. कडधान्याला मोड आणले की त्यातलं जस्त शरीराला जास्त मिळतं आणि ते पचायलाही सोपं जातं. दूध सोसत नसेल तर दही बहुतेकांना चालतं. माझ्या डब्यात मी आता उसळीऐवजी धिरडी आणि भाजीत शेंगदाण्याचं कूट घालते. ते डबे रिकामे परत येतात.

ज्येष्ठ नागरिक संघांच्या शिबिरांत रक्तदाब आणि साखर तपासतात. तिथेच एक वजनकाटा ठेवावा, मागच्या वेळचं वजन वहीत पाहावं आणि "काल दिवसभरात काय खाल्लंत?" एवढं विचारावं. नकळत वजन उतरत असेल त्यांना आहारतज्ज्ञाकडे पाठवावं. आपल्या आरोग्य पुरवणीनेही सर्व पथ्यं एकत्र धरून ज्येष्ठांचं ताट कसं असावं यावर तज्ज्ञांकडून लिहून घ्यावं. आणि बाहेरगावच्या लेकी-लेकांनो, फोनवर "गोळ्या घेतल्या का?" विचारता, तसं "आज वरण खाल्लंस का?" हेही विचारा.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक