आई-बाबा, मुक्तिनाथ एवढ्यात नको

राणीपौवा, मुक्तिनाथ, नेपाळ

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

काल ‘थोरोंग ला’ ही खिंड ओलांडून सुखरूप खाली आले. ताप नाही, डोकं दुखत नाही. रात्री दोन रजया घेऊन गाढ झोपले आणि आज सकाळी पोटभर डाळभात जेवले. इथे डाळ हवी तितकी वाढतात. टाचेला एक फोड आलाय, त्यावर पट्टी लावली आहे. हे सगळं आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

कार्तिकातल्या मुक्तिनाथ यात्रेतून तुमची दोघांची नावं मी दादाला सांगून काढायला लावली आहेत. कालच संध्याकाळी. आगाऊ भरलेल्या पैशांचं आम्ही दोघं बघू, बाबा, तुम्ही वही काढून बसायचं नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण बाबा ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे देतात आणि मग आईशी फक्त जेवणाचंच बोलणं होतं. म्हणून लिहिते. दादा हे मोठ्या अक्षरात छापून आणून देईल.

आई, तुझा चेहरा मला इथे बसून दिसतोय. आजीचं मुक्तिनाथ राहून गेलं आणि तिच्यामागे तू ते धरून ठेवलंस. देवघरातल्या शाळिग्रामावर तुळस वाहताना दर एकादशीला तू काय पुटपुटतेस ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा हे मी सहज ठरवलेलं नाही. कालचा दिवस सांगते, मग तुम्हीच बघा.

पहाटे तीनला उठलो. थोरोंग फेदी हा खिंडीचा पायथा, आणि तोच जवळजवळ ४,४५० मीटरवर! लसणाचं सूप प्यायलं, घासभर रोटी कशीबशी ढकलली आणि चारला डोक्यावर बॅटऱ्या लावून निघालो. ऊन चढलं की खिंडीत वारा सुटतो, त्याच्या आधी पलीकडे उतरायचं असतं. बाबा, २०१४ सालचं ते कात्रण तुम्ही मला निघताना दाखवलं होतंत ना, हुदहुद चक्रीवादळाच्या वेळी इथे बर्फात ४० हून जास्त माणसं गेली ते? ते डोक्यात ठेवूनच आले होते. गाइडने हवेचा अंदाज बघितला, आभाळ स्वच्छ होतं, तेव्हाच पाऊल उचललं. जरा जरी शंका असती तरी फेदीलाच मुक्काम वाढवला असता.

पहिल्या तासातच पाण्याची नळी गोठली. बाटली जॅकेटच्या आत पोटाशी धरली होती, तेवढंच पाणी उरलं. चढ म्हणाल तर आपल्या अजिंक्यतारा किल्ल्यासारखा छातीवर येणारा नाही, पण वीस पावलांवर थांबावं लागतं. वर ५,४१६ मीटरवर हवेचा दाब आपल्याकडच्या जवळपास निम्मा, म्हणजे दर श्वासाला प्राणवायूही निम्माच. बुटाची नाडी बांधायला वाकले तर उठताना धाप लागली. समोरचा उंचवटा आला की वाटायचं, हीच खिंड. तो चढून जावं तर पुढे आणखी एक.

तेव्हा बाबा, तुमचा हात आठवला. किल्ल्यावरच्या मंगळाईच्या देवळापर्यंत चढताना तुम्ही माझं मनगट धरून म्हणायचात, “मने, दम लागायच्या आधी थांबायचं, लागल्यावर नाही.” काल मी तसंच केलं, पूर्ण वाटभर. घाईने पुढे गेलेले दोघं-तिघं नंतर दगडावर बसलेले दिसले. मी तुमच्या पद्धतीने हळूहळू त्यांच्या पुढे गेले, आणि खिंडीतल्या पताकांपाशी उभी राहिले तेव्हा मोठ्याने ‘बाबा’ म्हणून रडले. आनंदाने रडले, काळजी करू नका. तिथे एक खोपट आहे, त्यात चहा मिळतो. तो घेतला.

उतरणं मात्र चढण्याहून वाईट. एका दमात १,६०० मीटरहून जास्त खाली, सगळी घसरडी खडी. धौलागिरी समोर दिसत होता, पण नजर पायाखालून हलवायची सोय नव्हती. दुपारी देवळाशी पोचले तेव्हा गुडघे थरथरत होते.

आणि तिथे पायऱ्यांवर एक आजोबा बसलेले दिसले. बाबांच्याच वयाचे, तसाच अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. ओठ निळसर, बोलता बोलता शब्द तुटत होते. आदल्या दिवशी पोखऱ्याहून जीपने आले होते. पोखरा ८२० मीटर, हे देऊळ ३,७०० च्या आसपास. त्यांच्या लेकाने आणि दोन पोरांनी त्यांना उचलून गाडीत घातलं, प्राणवायूची नळी लावली आणि लगेच खाली नेलं. खाली गेल्यावर बरं वाटेल असं सगळे म्हणत होते. मी त्यांच्या पत्नीची पिशवी धरून गाडीपर्यंत गेले. त्या माउलीने दर्शनही घेतलं नव्हतं.

तुमच्या यात्रेचा कार्यक्रम हाच आहे. एका दिवसात जीपने वर, दुसऱ्या दिवशी दर्शन, परत खाली. माझी तब्येत ठणठणीत, तरी मी खिंडीअलीकडच्या मनांग गावात ३,५४० मीटरवर दोन रात्री नुसती थांबले. तिथल्या दवाखान्यात डॉक्टर रोज समजावून सांगतात, की ३,००० च्या वर झोपायची जागा दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. शरीराला त्या हवेची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ जीप देत नाही. बाबा, तुमची हिंमत कमी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. बायपासनंतर तुम्ही ज्या नेमाने चालता, तसं मला जमायचं नाही. पण नेमाने चालणं वेगळं आणि ही हवा वेगळी.

आता आई, तुझ्यासाठी. आज पहाटे मी तुझ्या नावाने १०८ धारांखालून गेले. गोमुखातून पडणारं ते पाणी इतकं गार आहे की पाचव्या धारेनंतर डोकं बधिर झालं, पण एकही धार चुकवली नाही. दोन्ही कुंडांतही उतरले. आत पूजा पुजारी आणि बौद्ध जोगिणी मिळून बघतात. तीर्थाची बाटली भरून घेतली आहे. खाली काली गंडकीचं पात्र दिसतं, आपला शाळिग्राम तिथलाच. कधीकाळी इथे समुद्र होता, त्यातल्या शंखासारख्या जीवांचे ते दगड झाले.

चैत्रात मी स्वतः रजा काढते. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे आधी आपण तिघं जाऊ. ते हो म्हणाले तर पोखऱ्यानंतर तातोपानीला मुक्काम, मग जोमसोमला दोन-तीन रात्री, आणि मगच वर. ते नाही म्हणाले तर बाबा आणि दादा पोखऱ्याला तलावाकाठी राहतील आणि आई, तुला मी हाताला धरून नेईन.

तोवर ऐका. बाबा, हृदयाची २डी एको तपासणी या आठवड्यात करून घ्या, दिवाळीनंतर नाही. फिरायला सपाटीवरच, यवतेश्वरचा चढ नको. टाकीचा व्हॉल्व्ह बघायला स्टुलावर चढायचं नाही. आई, उपवासाच्या दिवशीही बीपीची गोळी काहीतरी खाऊनच घे. चकल्या एकटीने करत बसू नकोस, मी आल्यावर सोऱ्या मी फिरवीन. आणि दादाला फोन करून नावं परत घालायला सांगू नका, तो तुमचं ऐकेल आणि मग मला त्याच्याशी भांडावं लागेल.

उद्या जोमसोमला उतरते, तिथून गाडीने पोखरा. पोचले की फोन करते.

तुमची,
मनू