कर्ब, कार्बन आणि तुझी ती प्रत

पुणे, २ डिसेंबर

प्रिय मंदा,

तुझ्या पत्राला सात महिने होऊन गेले. मध्ये दोनदा उत्तर लिहायला बसले आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकला. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू मध्येच हसतेस आणि मग मला पुढचं बोलवत नाही. इकडे सगळं ठीक. साखर आटोक्यात आहे, गुडघे आहेत तसेच, ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं.

मागच्या आठवड्यात दौंडकडे भाच्याच्या शेतावर गेले होते. ऊस नुकताच तुटून गेलेला, रानभर पाचट पसरलेलं. संध्याकाळी काडी लावून मोकळं होऊ, असं भाचा म्हणत होता. तेवढ्यात शेजारच्या वावरातल्या वहिनी बांधावर आल्या आणि त्याच्यावर तडकल्या. "जाळू नका दादा. आधीच तुमचा कर्ब पॉइंट तीनवर आलाय. पाचट पेटवलं की त्यातला कर्ब धूर होऊन गेला वर. कुजवा ते."

मंदा, कर्ब! कार्बनसाठीचा तुझा तो मराठी शब्द. डोक्यावर पदर, हातात विळा, आणि तोंडात तो शब्द मीठ-मिरचीसारखा. मी मुद्दाम विचारलं, "कर्ब म्हणजे काय हो?" त्यांनी वाकून आपल्या वावरातली मूठभर माती उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "ही बघा, काळी, भुसभुशीत. हिच्यात कर्ब हाय. दादांच्यात न्हाई." भाच्याने घरात जाऊन माती परीक्षणाचा कागद आणला. सेंद्रिय कर्ब ०.३२ टक्के, पुढे शेरा 'कमी'. अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे कमीच. प्रयोगशाळेत तो मोजतात डायक्रोमेटचं टायट्रेशन करून, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबथेंब रसायन टाकून. आठवतंय ना? तू नेहमी एक थेंब आधी थांबायचीस आणि मी एक थेंब जास्त टाकायचे, आणि सर म्हणायचे, दोघींची सरासरी काढली तर उत्तर बरोबर येईल.

पुण्याला परत येताना गाडीत मी कुणाशी बोलले नाही. हडपसर येईपर्यंत मला १९८६ सालची ती दुपार दिसत होती. मुलांसाठी लिहिलेल्या तुझ्या कार्बनवरच्या पुस्तकाची टाइप केलेली प्रत माझ्यासमोर, प्रकाशकांचे दोन जण शेजारी, आणि मी त्यांना सांगतेय की मजकूर उत्तम आहे, पण 'कर्ब' काढून सगळीकडे 'कार्बन' करा. घडवलेले शब्द जगत नाहीत, असं म्हणाले होते मी. तू काहीच बोलली नाहीस. मूळ प्रत उचललीस, घरी गेलीस आणि बंबात घातलीस. ते मला तुझ्या आईने, माईंनी, चार दिवसांनी सांगितलं. त्यावर आपण दोघी आजतागायत एक शब्द बोललेलो नाही. लग्नं, बारशी, मयतं, सगळं एकत्र केलं, पण हे नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. माझ्याकडे दिलेली कार्बन कॉपी रद्दीत गेली, असं मी तेव्हा तुला म्हटलं होतं. ते खोटं होतं. ती माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. दौंडहून आले त्याच रात्री काढली. अठ्ठेचाळीस पानं, निळी अक्षरं, कडा पिवळ्या पडलेल्या. रद्दीचं खोटं का बोलले, तर समासात मी लाल शाईने लिहिलं होतं आणि ते तुझ्या दृष्टीला पडू नये असं वाटत होतं. पान तीनवर लिहिलंय, "हा शब्द मेलेला आहे." तुझ्या तोंडावर मी एवढं कठोर बोलले नव्हते. कागदावर बोलले होते.

त्या रात्री सगळी पानं वाचली. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत होते की मुद्दा माझाच बरोबर होता. पण उत्तर तर तुझ्या पान पाचवरच होतं आणि मी ते तपासताना नुसती बरोबरची खूण करून पुढे गेले होते! तू लिहिलंयस की फ्रेंचांकडे कोळशाला 'शार्बों' हा रोजचा शब्द होताच. तरी १७८७ साली लाव्हाझिए, गितों द मोर्व्हो, बेर्तोले आणि फूर्क्रुआ या चौघा रसायनशास्त्रज्ञांनी रसायनांची नवी नामावली केली, तेव्हा शुद्ध मूलद्रव्यासाठी लॅटिन 'कार्बो'वरून 'कार्बोन' हा वेगळा शब्द घडवला. चुलीतला कोळसा वेगळा आणि त्यातलं मूलद्रव्य वेगळं, हे दाखवायला. म्हणजे ज्या शब्दासाठी मी भांडले तोसुद्धा चार माणसांनी बसून घडवलेलाच! आणि त्याच नामावलीतला 'ऑक्सिजन' म्हणजे आम्ल जन्माला घालणारा, जे मुळातच चूक निघालं. त्यापेक्षा आपला प्राणवायू कितीतरी खरा. तुझा 'कर्ब' तरी कुठे परका? कार्बनच, फक्त आपल्या जिभेला बसेल एवढा छाटलेला. भातात कर्बोदकं असतात हे तर मी स्वतः पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिलं. तिथे मला तो शब्द मेलेला वाटला नाही.

'नावाचं गोत्र' हे प्रकरण मी तीनदा वाचलं. जर्मन लोक त्याला 'कोलेनश्टोफ' म्हणतात, सरळ 'कोळशाचा पदार्थ'. संस्कृतातला अंगार, त्यावरून 'प्रांगार' हा दुसरा घडवलेला शब्द, आणि त्याच अंगाराचा आपल्या घरातला इंगळ. मंगळाला अंगारक म्हणतात, कारण तो निखाऱ्यासारखा लाल, म्हणून मंगळवारची संकष्टी अंगारकी. ही सगळी भावंडं एका पानावर तू पंगतीला बसवली आहेस. आणि बाबूकाकांची काळपुळी! लॅटिनमध्ये 'कार्बुंकुलस' म्हणजे लहानसा निखारा. तेच नाव लाल रत्नालाही आणि मानेवरच्या त्या जीवघेण्या गळवालाही. ग्रीक 'अँथ्रॅक्स' म्हणजेही कोळसाच. काका पालथे पडून ओरडत होते आणि तू दाराआडून मला म्हणालीस, "ऐक, निखारा बोलतोय." माईंनी दोघींना बदडलं होतं. ते वाचताना मध्यरात्री मी एकटी मोठ्याने हसले, हे दचकून उठले.

शिसपेन्सिलीवरून आपलं केवढं भांडण झालं होतं! मी म्हणायचे, हिच्यात शिसं नावालाही नाही, ग्रॅफाइट आहे, म्हणजे कार्बनच, शब्द बदलायलाच हवा. तू म्हणायचीस, राहू दे, जुनी माणसं त्याला शिसंच समजत होती ही आठवण त्या शब्दात राहते. पान बारावर ते भांडण आहे, माझं नाव न घेता. 'माझी एक हट्टी मैत्रीण' एवढंच.

आणि पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१ ला तुमच्या नारायण पेठेतल्या घरात पाणी शिरलं, लोणारी कोळशाची दोन पोती भिजली आणि माईंनी गच्चीवर चादर अंथरून कोळसे वाळत घातले, पापड घालावेत तसे. त्याच वर्षी जगाने अणुभारांसाठी ऑक्सिजनचं माप सोडून कार्बन-१२ चं माप धरलं. "आमचा कोळसा भिजला त्याच वर्षी कोळशाला मान मिळाला," असं तू लिहिलंयस. हे वाक्य मी लाल शाईने खोडलं होतं, 'विषयांतर' म्हणून. का खोडलं असेल मी? हे वाक्य मुलांनी जन्मभर लक्षात ठेवलं असतं.

आठ दिवस झोप नीट नाही, ती यापायी. प्रत तुला पाठवायची तर माझ्या त्या लाल शेऱ्यांसकट जाणार. शाई निघत नाही, खरवडलं तर खालचं अक्षर जातं. नव्याने टाइप करून स्वच्छ प्रत पाठवावी, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, म्हणजे पुन्हा लपवालपवीच. इनामगावला घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजच्या लोकांना उत्खननात सापडलेल्या कोळशावर तू दीड पान लिहिलंयस, त्यातला किरणोत्सारी कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो ते सांगून. राख झालेल्या चुलीचंही वय काढता येतं, म्हणतेस. मग आपल्या या गोष्टीचं वय मी का लपवू? जशी आहे तशी पाठवते. पान तीन वाचून राग आला तर ये. इथे येऊन भांड. मी दार उघडते.

तुझ्या सुनेचा नवा जॉब कसा आहे? धाकट्याचे पेपर झाले का? गच्चीची गळती काढलीस का, की अजून बादल्याच? सगळं सविस्तर कळव.

एकच अडचण आहे. मधली काही पानं पुसट झाली आहेत. बरीचशी मी भिंगाने वाचून वहीत उतरवून घेतली, पण एकतिसाव्या पानाचा शेवट लागत नाही. १७९७ मध्ये टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सोन्याच्या नळीत हिरा जाळला आणि निघालेला वायू मोजला, तर तेवढ्याच वजनाच्या कोळशातून निघतो तेवढाच तो भरला, इथपर्यंत स्पष्ट आहे. त्याखाली, "आमची आई म्हणते, कोळसा उगाळावा तितका काळाच. तेव्हा मी तिला म्हटलं," आणि त्यापुढे कार्बनचा कागद सरकलेला दिसतोय. दीड ओळ उमटलेलीच नाही.

काय म्हटलं होतंस माईंना?

तुझी,
शालू