पॅच लावणारी स्क्रिप्ट बदलली आहे : सर्व सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) एकामागून एक पॅच, म्हणजे बदलांच्या फाइली, लावणाऱ्या आपल्या स्क्रिप्टमधला बग दुरुस्त झाला आहे. रविवारी धरमपेठेत बसण्याआधी नवी प्रत नक्की ओढून घ्या.

‘नवा पत्ता.पॅच’ अशी नावात स्पेस असलेली फाइल दिली की जुनी स्क्रिप्ट ‘नवा’ नावाची फाइल शोधत बसायची; फाइलचं नाव ठेवणाऱ्या व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं नव्हती, त्यामुळे नाव स्पेसपाशी तुटायचं. शिवाय एक पॅच अडला तरी ती पुढच्याकडे वळायची. मग गिटकडून ‘आधीचं काम अर्धवट आहे’ असे नकार येत राहायचे आणि मूळ चूक त्यात दबून जायची, हे जास्त त्रासाचं. आता ती पहिल्याच चुकीला थांबते.

कोणाचं काम अडकलं असेल तर ‘गिट एएम --अबॉर्ट’ (git am --abort, अडलेला पॅच सोडून देण्याची आज्ञा) द्या. अर्धवट कामाची नोंद ठेवणारा रिबेस-अप्लाय फोल्डर हाताने उडवू नका, कृपा करून. स्क्रिप्ट प्रत्येक पॅच वेगळ्या ‘गिट एएम’ने लावते, म्हणून अबॉर्ट दिलं तरी त्याआधी लागलेले पॅच शाखेवर तसेच राहतात.