बाबा, एफडी मोडू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "वकिलासाठी एफडी मोडतो, तू काळजी करू नकोस," आणि मला पुढे बोलताच येईना. म्हणून लिहायला बसले. बाबा, एफडीला हात लावू नका. वाट सापडली आहे.

अमेरिकेच्या नागरिकत्वाचा इंटरव्ह्यू होऊन ११ महिने झाले. परीक्षेत पास झाले, पण निघताना हातात जो कागद मिळाला त्यावर 'आत्ता निर्णय देता येत नाही' या ओळीपुढच्या चौकोनात खूण होती. तो कागद इतक्यांदा उघडलाय की घडीवर विरलाय. ग्रीन कार्डवर मला तुम्हाला इथे आणण्यासाठी अर्ज करता येत नाही, तो हक्क इथल्या नागरिकालाच. त्यामुळे इथला प्रत्येक महिना मी तुमच्या वयात मोजते.

इमिग्रेशनच्या कामात इथे सरकार वकील देत नाही, आपणच शोधायचा. पहिल्या दोघांची फी ऐकूनच फोन ठेवला. मग ओळखीतून एक 'कन्सल्टंट' भेटला. आत ओळख आहे, महिन्यात काम करून देतो, म्हणाला. रोख हवी, पावती नाही. आई, तुला सांगितलं नव्हतं, पण मी बँकेतून पैसे काढून आणले होते. रात्रभर झोप लागली नाही, सकाळी पुन्हा भरून आले. वकिलाचं लायसन्स राज्याच्या 'बार'च्या, म्हणजे वकिलांच्या संस्थेच्या, वेबसाइटवर फुकट तपासता येतं. त्याचं नाव तिथे नव्हतंच.

नंतर कळलं की न्याय खातं काही सेवाभावी संस्थांना मान्यता देतं. तिथली मान्यताप्राप्त माणसं वकील नसली तरी इमिग्रेशनच्या केसेस चालवू शकतात, आणि फी उत्पन्न बघून घेतात. अशा एका संस्थेतल्या बाईंनी दोन तास बसून माझी फाइल वाचली. टॅक्सचे कागद, प्रवासाच्या तारखा, सगळं. कारण निर्णय मागितला तर तो विरुद्धही जाऊ शकतो, तेव्हा आपली बाजू आधी बघायला हवी. मग त्या स्वच्छ म्हणाल्या, "फाइलमध्ये खोट नाही. पण आता हे काम कोर्टाचं आहे आणि तिथे मला उभं राहता येत नाही." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना जन्मभर मानेन.

त्यांनीच एका लॉ कॉलेजच्या 'क्लिनिक'मध्ये, म्हणजे कायदा-मदत केंद्रात, पाठवलं. तिथे विद्यार्थी प्राध्यापक-वकिलांच्या देखरेखीखाली केस लढतात, फी शून्य. कायदा असा आहे, की इंटरव्ह्यूनंतर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर फेडरल जिल्हा कोर्टात जाता येतं. कोर्ट स्वतः निकाल देतं, नाहीतर सूचना देऊन प्रकरण परत पाठवतं. दाखल करायचे ४०५ डॉलर, तेवढे माझ्याकडे आहेत. सरकारला उत्तराला ६० दिवस मिळतात.

सरकारवर दावा म्हटल्यावर आई, तुझ्या पोटात गोळा येईल. माझ्याही आला होता. पण कायद्यानेच दिलेला हा रस्ता आहे, यात कोणाशी वैर नाही. त्याआधी एक शेवटचा प्रयत्न म्हणून इथल्या काँग्रेस सदस्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या खासदारासारख्या प्रतिनिधीच्या, ऑफिसात संमतीचा फॉर्म सही करून दिलाय. ते विनामूल्य चौकशी करतात, नागरिक नसलेल्या रहिवाशांसाठीसुद्धा. त्यांच्या उत्तराची महिनाभर वाट बघू, नाहीतर दावा दाखल.

तुम्ही एक काम करा. माझा जन्मदाखला काढून बघा. त्यावर तुम्हा दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षरन् अक्षर आहेत का? बाबांच्या अर्जाला तुमच्या लग्नाचा दाखलाही लागतो, आणि आईचं नाव लग्नाआधीचं असेल तर तिच्याही. मला दोन्हींचे फोटो पाठवा. माझी नागरिकत्वाची शपथ झाली की दुसऱ्याच दिवशी तुमचा अर्ज टाकायचा आहे.

तुमची,
मनू