एअर रायफल घेताना

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तू कळवलेल्या दोन रायफलींपैकी 'सेकंदाला हजार फूट'वाली मनातून काढून टाक. तुला दहा मीटरचा सराव करायचा आहे आणि त्याला वेग लागत नाही. ऑलिंपिकमधल्या दहा मीटरच्या रायफली छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटरने सोडतात, म्हणजे पावणेसहाशे फुटांच्या आसपास, आणि निशाणाच्या मधला दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा! जाहिरातीतला आकडा बहुतेकदा अगदी हलक्या छर्‍यावर काढलेला असतो. त्या वेगासाठी घातलेल्या दणकट स्प्रिंगमुळे छर्रा भरायला नळी सांध्यातून खाली मोडताना दम लागतो, धक्का वाढतो आणि थोड्याच वेळात नेम हलू लागतो.

कायद्याचंही बघ. साडेचार मिलिमीटर व्यासाच्या नळीची आणि छर्‍याची ऊर्जा २० जूलपर्यंत असलेली एअर रायफल विनापरवाना घेता येते; साडेपाचची, म्हणजे इंचात पॉइंट टू टूची, घेऊ नकोस, तिला परवाना लागतो. पावती जपून ठेव. आणि पाखरांवर ती कधीही रोखायची नाही, १९७२चा वन्यजीव कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

पीसीपीचा, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीचा, मोह होईल. तिला धक्का जवळजवळ नसतो, नेम सुंदर लागतो. पण २०० बारपर्यंत हवा भरायला पंप किंवा मोठा सिलिंडर हवा, हवेत ओल गेली तर आतून गंज धरतो, सिलिंडरची मुदतही बघावी लागते. सुरुवातीला स्प्रिंगचीच घे.

दुकानात बट, म्हणजे दस्त्याचं मागचं टोक, कोपराच्या आतल्या बाजूला टेकव. बोट चापापर्यंत सहज पोचलं तर दस्ता तुझ्या मापाचा. नळी बंद करून डावी-उजवीकडे हलव, सांधा जराही खेळता कामा नये. मग सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून छर्रा घालून एक शॉट मारायला सांग. पट्टी उडाली तर वॉशर हवा सोडतोय. दुकानदार रिकामीच वाजवून दाखवू लागला तर थांबव. छर्रा नसला की स्प्रिंगनं ढकललेल्या पिस्टनपुढे हवेची गादी तयार होत नाही, तो थेट टोकावर आदळतो. त्यानं सील फाटतं, स्प्रिंगही तुटते.

छर्रा भरताना एक हात नळीवर घट्ट हवा. चुकून चाप सुटला तर नळी झटकन मिटते आणि बोटं चेचतात. दाबलेली स्प्रिंग तासन् तास तशीच ठेवू नकोस, मऊ पडते. कॉम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे पिस्टन हवा दाबतो त्या पोकळीत, साधं तेल तर मुळीच नको. दाबानं ते पेट घेतं, धूर येतो आणि प्रत्येक शॉटचा वेग वेगळा पडतो.

खरा खर्च छर्‍यांवर कर. चपट्या तोंडाचे, ०.५३ ग्रॅमचे घे, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. पण छर्‍याच्या डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असं बदलतं आणि प्रत्येक नळीची आवड निराळी. तिन्ही मापांच्या डब्या आण, टेकू देऊन प्रत्येकी पाच-पाच छर्‍यांचे काही गट मार. ज्याचे गट सातत्यानं घट्ट, म्हणजे भोकं एकमेकांना लागून, येतील ते तुझं माप. स्प्रिंगची रायफल मात्र आवळून धरू नकोस. तिचा धक्का आधी मागे आणि मग पुढे जातो. पुढचा हात नुसता खाली ठेव, दर वेळी त्याच जागी, म्हणजे तो धक्का दर वेळी सारखा बसेल. टेकूही रायफलीला नको, हाताला दे.

निशाण्यामागे पोलादी पेटी आणि तिच्यामागे पक्की भिंत हवी. छर्रे उलटून येतात, म्हणून गॉगल लाव. छर्रे शिशाचे, तेव्हा सरावानंतर साबणानं हात धू, मगच चहा.

पहिले कागद जमतील तेव्हा पाठव, मागे डबीवरचं माप लिहून.

तुझा,
अनंत