विषय: फरशी फोडण्याआधी गळतीची तपासणी आणि उभ्या लाइनचे (वरच्या टाकीतून सर्व मजल्यांवर उतरणाऱ्या पाइपचे) पाणी दोन तास बंद ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती

महोदय,
सप्रेम नमस्कार.

वरच्या स्वयंपाकघरामुळे खालच्या छताला ओल आली की चर्चा थेट फरशी फोडून वॉटरप्रूफिंग करण्यावर जाते. त्याआधी गळती पुरवठ्याच्या पाइपची आहे की सांडपाण्याची, हे ठरवून घ्यावे. दिवसरात्र सारखे ठिबकत असेल तर बहुधा पुरवठ्याची. भांडी घासल्यावर वाढून नंतर मंदावत असेल तर सांडपाण्याची. खात्रीसाठी वरच्या घराचा मेन कॉक (घरात येणारे सगळे पाणी बंद करणारा) एक रात्र चालू आणि दुसऱ्या रात्री बंद ठेवून थेंबांची तुलना करावी. डागावर जाऊ नये. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी सुकायला आठवडे लागतात.

सिंकखालची तपासणी तर फुकट आहे. जाळीला बूच लावून सिंक काठोकाठ भरावे आणि एकदम सोडावे. बारीक धारेत पाइप भरतच नाही, म्हणून सैल जोड कोरडा दिसतो. पाणी जात असताना वेस्ट कपलिंग (जाळीखालचा जोड), बॉटल ट्रॅप (त्याखालचे बाटलीसारखे भांडे) आणि भिंतीत शिरणारा पाइप, प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू टेकवावा. बोटाला न कळणारी ओल त्यावर लगेच उमटते.

कनेक्शन पाइपच्या (अँगल कॉकपासून नळापर्यंतच्या लवचीक पाइपच्या) बाबतीत बरेच प्लंबर एक चूक करतात: नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप. तिथे पाणी आतला रबरी वॉशर अडवतो, टेप नव्हे. टेप हवी ती अँगल कॉकच्या (सिंकखाली भिंतीवरील छोट्या कॉकच्या) भिंतीत जाणाऱ्या आट्यांवर. नट हाताने आवळून पान्याने पाव फेरा पुरे. जास्त पिळला की वॉशर चिरतो किंवा नटाला तडा जातो. पाइपच्या टोकाशी गंज किंवा जाळीची तुटलेली तार दिसली तर वाट न बघता पाइप बदलावा. प्युरिफायरची नळी तिरकी कापली तर जोडातल्या रिंगवर नीट बसत नाही आणि रात्री वापर थांबून दाब वाढला की सुटते. टाकीपासून दर 10 मीटर खाली सुमारे 1 बार दाब वाढतो, तेव्हा खालच्या मजल्यांवर प्युरिफायरआधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावलेलाच बरा.

आता समितीकडे मागणी. पाइप फुटला तर नुकसान किती होईल, हे घराचा मेन कॉक किती लवकर बंद होतो यावर ठरते, आणि वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक ऐन वेळी फिरत नाही. जोर लावला तर दांडाच हातात येतो. तो बदलायचा तर उभ्या लाइनचे पाणी बंद करावे लागते, जे सभासदाच्या हातात नाही. म्हणून प्रत्येक लाइनसाठी दोन तासांचा एक दिवस ठरवून नोटीस आठ दिवस आधी फलकावर लावावी. ज्यांचे कॉक अडकले आहेत, त्यांची नावे आधीच घ्यावीत आणि त्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवावेत. तेही दर तीन महिन्यांनी एकदा बंद-चालू करावे लागतात, नाहीतर क्षार धरून तेही अडकतात.

एक सूचना त्या दिवसापुरती. पाणी आले का पाहायला नळ उघडून तसाच सोडून माणसे बाहेर पडतात, आणि सिंकमध्ये जाळीवर ताटली पालथी असते; मग पाणी आले की सिंक भरून घरात वाहते. पाणी पुन्हा सोडण्याआधी वॉचमनने त्या लाइनवरील प्रत्येक दाराची बेल वाजवावी. कुलूप असलेल्या घराचा मेन कॉक डक्टमधून बंद ठेवावा आणि दारावर तशी चिठ्ठी लावावी.

आपला,
एक सभासद