रमी सोडून बाकीच्या गेमबद्दलही छापा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत नाटकाचं परीक्षण असतं, सिनेमाला स्टार असतात, पुस्तकांना पाऊण पान असतं आणि हल्ली ओटीटीवर काय बघाल याची पण चौकट असते, सगळं वाचतो, तक्रार नाही. पण गेम हा शब्द तुमच्याकडे दोनच प्रकारच्या बातम्यांत येतो. एक, अमक्याने ऑनलाइन रमीत लाखो रुपये घालवले, आणि दोन, पोरं मोबाइलच्या नादी लागून वाया चालली. या बातम्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही, छापायलाच पाहिजेत, पण सिनेमाबद्दल नुसतं ब्लॅकने तिकिटं विकणारे पकडले एवढंच छापत राहिलो असतो तर कसं झालं असतं, तसं चाललंय हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे गेम बंद केले, पण त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स, म्हणजे गेमच्या स्पर्धा, आणि बाकीचे साधे गेम वेगळे काढलेत. दिल्लीला फरक कळला, आपल्या पुरवणीला कधी कळणार?

मी बोलतोय ते इंडी गेमबद्दल, म्हणजे एकट्याने नाहीतर चार-पाच जणांनी मिळून, मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय बनवलेले गेम. मी इथे एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबला आहे, दिवसभर पोरांमध्ये असतो. बहुतेकांकडे ॲडमिशनच्या वेळी घरच्यांनी घेऊन दिलेला साधा लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड वगैरे काही नाही, त्यामुळे त्यांना वाटतं आपल्या मशीनवर गेम चालतच नाहीत, मग फोनवर बंदूक घेऊन पळत बसायचं. अरे चालतात, चांगले चालतात, पण कुठले ते मराठी पेपरात कोणी सांगतच नाही.

आता तुम्ही म्हणाल नेटवर सगळं आहे की. आहे ना, तीच तर भानगड आहे. स्टीम म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, तिथे २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त गेम आले. २०१७ पासून १०० डॉलर भरले की कुणालाही तिथे गेम लावता येतो, त्यामुळे हिरा आणि कचरा एकाच ढिगात. बरं तिथे जी टक्केवारी दिसते ती लोक मार्कांसारखी वाचतात. नव्वद टक्के म्हणजे गेमला शंभरातले नव्वद मार्क असं नाही हो, शंभर जणांपैकी नव्वद जणांनी अंगठा वर केला एवढंच. ठीकठाक गेम सगळ्यांना ठीकठाक आवडला तरी नव्वद, आणि अर्ध्या लोकांना वेड लावणारा आणि अर्ध्यांना अजिबात न झेपणारा गेम पन्नासवर अडकतो. आणि ज्याला दहासुद्धा रिव्ह्यू मिळालेले नाहीत त्याला तर टक्केवारीच लागत नाही, तो कुणाला दिसणार? तिथे कुणीतरी बसून खेळून चार ओळी लिहिणारा माणूसच लागतो.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. पेपर्स, प्लीज नावाचा गेम आहे, २०१३ चा, लुकास पोप या माणसाने बनवलेला. साल १९८२, आर्स्टोत्स्का नावाचा काल्पनिक देश, आणि तुम्ही सीमेवरच्या खिडकीत बसलेले कारकून. माणूस येतो, पासपोर्ट सरकवतो, तुम्ही तारीख बघायची, फोटो बघायचा, गावाचं नाव बघायचं, शिक्का मारायचा, हिरवा नाहीतर लाल. रोज सकाळी नवा नियम येतो, आज परमिट पाहिजे, उद्या अजून एक कागद पाहिजे. जितकी माणसं तपासाल तितका पगार, आणि रात्री हिशोब येतो, भाडं, जेवण, शेगडीचा खर्च, घरात बायको, पोरगा, सासू, मामा. मग एक नवरा येतो, कागद सगळे बरोबर, जाता जाता म्हणतो की मागे माझी बायको आहे, जरा सांभाळून घ्या. ती येते आणि तिच्याकडे एन्ट्री परमिटच नसतं. सोडलं तर मेमो येतो, पहिल्या दोन मेमोंवर सुटका, नंतर प्रत्येकाला पगारातून कपात. आणि नाही सोडलं तर ती तिकडे, तो इकडे. सरकारी ऑफिसच्या खिडकीबाहेर आपण सगळेच उभे राहिलोय, पण आत बसायला लावणारा गेम मी तरी दुसरा बघितला नाही. मला विचाराल तर यावर एखाद्या एकांकिकेइतकं लिहिता येईल. आणि हा गेम लॅबमधल्या जुन्यातल्या जुन्या मशीनवर चालतो, २०२२ पासून मोबाइलवरही आहे.

त्याच माणसाचा २०१८ चा रिटर्न ऑफ द ओब्रा डिन म्हणजे तर रहस्यकथा वाचणाऱ्यांसाठी मेजवानी. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता झालेलं जहाज परत आलंय आणि त्यावर जिवंत कोणी नाही. तुम्ही विम्याचे इन्स्पेक्टर, हातात एक घड्याळ, प्रेताजवळ ते उघडलं की त्या माणसाच्या मरणाचा क्षण तेवढा गोठून समोर उभा राहतो. साठ जणांची नावं आणि प्रत्येकाचं काय झालं हे वहीत भरायचं, कुणी सांगत नाही, बोलण्याच्या ढबीवरून, कपड्यांवरून, झोपायच्या झोळीवरच्या नंबरावरून ओळखायचं. तीन उत्तरं बरोबर आली की मगच पक्कं होतं, म्हणजे ठोकून देता येत नाही. खलाशांमध्ये आपल्याकडची माणसंही आहेत. जुन्या रहस्यकथा जपून ठेवलेल्या आमच्यासारख्यांना आयुष्यात कधी गेमला हात लावला नसला तरी हा आवडेल, फक्त असा गेम आहे हे कळायला तर पाहिजे!

शेतीवाला स्टार्ड्यू व्हॅली बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो, २०१६ ला आलेला. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग सगळं स्वतः चारेक वर्षं बसून केलं. गेम गोड आहे, पण आमच्या भागातला माणूस खेळताना हसतो, कारण तिथे दुकानात गेलं की दर ठरलेला, कितीही माल आणा भाव पडत नाही, आणि कावळ्यांना बुजगावणं लावलं की विषय संपला. असला शेतकरी व्हायला कोण नाही म्हणेल. पण हे असं आपल्या बाजूने लिहिलेलं परीक्षण मला इंग्रजीत मिळणार नाही, म्हणून तर तुम्हाला पत्र लिहितोय.

पत्त्यांचंच बघा. बलात्रो म्हणून गेम आहे, फेब्रुवारी २०२४ चा, कॅनडातल्या एकट्या माणसाने टोपणनावाने केलेला, त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट इंडी ठरला. पोकरसारख्या पत्त्यांच्या जोड्या लावायच्या आणि वेगवेगळ्या करामती करणाऱ्या दीडशे जोकरांतले काही जमवून स्कोअर असा फुगवायचा की आकडा स्क्रीनवर मावत नाही. समोर खेळाडू नाही, पैसा लावायचा नाही, जिंकला तरी काही मिळत नाही. तरी युरोपच्या रेटिंग संस्थेने पोकर दिसतंय म्हणून त्याला १८ वर्षांवरचा शिक्का मारला आणि अपील झाल्यावर २०२५ मध्ये तो १२ वर आणला. तिथे असं होतं तर आपल्याकडे पत्ते दिसले की आई-बाप घाबरणारच. पण वेळ खाण्यात मात्र हा गेम वस्ताद आहे, परीक्षेच्या आठवड्यात अजिबात उघडू नये, हेही परीक्षणात लिहायला पाहिजे.

आणि आपल्या पुण्यातलं? राजी, ॲन एन्शंट एपिक हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला, २०२० ला आला. सर्कशीतली मुलगी, भाऊ पळवलाय, हातात दुर्गेचं त्रिशूळ, आणि गोष्ट सांगतायत खुद्द दुर्गा आणि विष्णू. लोकांकडून ऑनलाइन पैसे जमवायचा त्यांचा प्रयत्न फसला होता तरी गेम पूर्ण केला. किल्ले, कमानी, मधेच येणारा सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ, बघत राहावं असं आहे. पण माझं मत विचाराल तर मारामारी लवकरच एकसुरी होते, आणि शेवट असा तुटल्यासारखा येतो की नेट गेलं की काय वाटतं. पुण्याचा आहे म्हणून सांभाळून घ्यायचं कारण नाही, नाटकाला तुम्ही घेता का? पुढे त्याला हिंदी आवाज मिळाला, मराठी मात्र नाही, पुण्यात बनून! मराठी पेपरांत परीक्षणं येत असती तर निदान कुणीतरी विचारलं तरी असतं.

वेनबा हा गेम पण असाच आपल्याकडच्या माणसांचा, टोरांटोच्या छोट्या टीमचा, २०२३ चा. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईकडून आलेली पाककृतीची वही डाग पडून पुसट झालीय आणि उरलेल्या खुणांवरून इडली, पुट्टू जमवायचं. तासा-दीड तासात संपतो. ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि फोनवर मराठी बोलायला कुचकुचतात त्यांनी तर खेळावाच.

परीक्षण कसं असावं याबद्दलही थोडं. ग्राफिक्स दहापैकी आठ, साउंड दहापैकी सात हे नको, त्यातून काही कळत नाही. गेम कुठल्या जातीचा आहे ते आधी सांगा, कारण कोडी सोडवणाऱ्याला उड्या मारायचा गेम दिला की तो दहा मिनिटांत वैतागून शिव्या घालतो आणि दोष गेमचा नसतो. किती वेळ लागतो, साध्या लॅपटॉपवर चालतो का, रुपयांत कितीला आहे, इंग्रजी किती वाचावं लागतं. अवघड किती हेही सांगा, सेलेस्ट नावाचा डोंगर चढायचा गेम चांगलाच कठीण आहे पण त्यात असिस्ट मोड आहे, वेग निम्म्यावर आणता येतो, माझ्यासारख्या पन्नाशीला टेकलेल्या बोटांना ही माहिती सगळ्यात महत्त्वाची. लिहिणाऱ्याला कंपनीकडून गेम फुकट मिळाला असेल तर तसं छापा. आणि पूर्ण खेळल्याशिवाय लिहू नका, नाहीतर स्टीमवर दोन तासांच्या आत खेळून १४ दिवसांत पैसे परत मागता येतात तेवढ्यावर मत ठोकणारे बरेच आहेत, ओब्रा डिनच्या पहिल्या दोन तासांत तर माणूस नुसता जहाजावर चाचपडत असतो.

जागा जास्त मागत नाही, महिन्यातून एकदा एक कॉलम द्या, ओटीटीच्या चौकटीशेजारी. पेपर्स, प्लीजवर साधारण पाचशे शब्दांचा नमुना वेगळ्या मेलने पाठवलाय. तो नाही आवडला तर लॅबमध्ये दोन पोरं आहेत, माझ्यापेक्षा जास्त गेम खेळलेत आणि लिहितातही बरं, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं तुमच्याकडे बघून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली